पाटावरचा निळा दिवा

१

सर्व्हरचा बोर्ड त्याच्या पेटीतून काढून बाहेरच चालू करायचा असेल तर खाली लाकूड हवं. लोखंडी टेबलावर ठेवला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत जळतो. कुणी पुठ्ठा वापरतं, कुणी रबरी चटई. मी पाट वापरतो. आमच्या मायचा, जेवायला बसायचा सागवानी पाट. त्याच्या चार कोपऱ्यांवरच्या पितळी फुल्या मी पहिल्याच दिवशी उपटून काढल्या, कारण पितळेतून करंट धावतो. माझी बायको अक्षदा तेव्हा म्हणाली होती, "सासूबाई असत्या तर त्यांनी तुम्हालाच उपटलं असतं."

धंदा माझा साधा आहे. बंद पडलेल्या कंपन्यांचे जुने सर्व्हर भंगारातून घ्यायचे, त्यातलं जे जिवंत असेल ते वेगळं काढायचं, आणि कोचिंग क्लासवाल्यांना, पतसंस्थांना, छोट्या कारखानदारांना त्यातून स्वस्तात सर्व्हर जोडून द्यायचा. हर्सूलला आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर माझा गाळा आहे, आणि त्याच्या बरोबर वर आमचं घर. जिना उतरलं की ऑफिस. लोकांना हे लई सुखाचं वाटतं.

पेटी नाही म्हणजे चालू करायचं बटणही नाही. बोर्डाच्या कडेला दोन बारीक पिना असतात, त्यांना एकदा स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, की झालं. घरचा कॉम्प्युटर असेल तर तो मुकाट चालू होतो. सर्व्हरचा बोर्ड मात्र बोंब ठोकतो. त्याला झाकण सापडत नाही, पेटीतलं तापमान सांगणारी वायर सापडत नाही. आपलं घरच नाहीसं झालंय एवढं त्याला कळतं, आणि तो पंखे जिवाच्या आकांताने फिरवायला लागतो. अशा वेळी गाळ्यात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अशा प्रत्येक बोर्डाच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा एक निळा दिवा असतो. मोठ्या कंपनीत एका खोलीत शेकडो सर्व्हर एकावर एक रचलेले असतात, सगळे दिसायला सारखे. त्यातला बिघडलेला नेमका कोणता? मग लांब कुठंतरी बसलेला माणूस वायरीवरून हुकूम सोडतो, त्या एका सर्व्हरचा निळा दिवा लागतो, आणि खोलीतला माणूस दिवा पाहून तिथं जातो. बोर्ड बंद असला तरी चालतं, नुसता प्लग लावलेला हवा. म्हणजे निळा दिवा लागला की समजायचं, कुणीतरी कुठूनतरी याला शोधतंय.

हे मी एकदा आबांना समजावून सांगितलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, केरबा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी उंटावरून शेळ्या हाकायच्या." जन्मभर मेंढरं राखलेला माणूस तो, त्यांना हाकण्यातलं मी काय शिकवणार! पण त्या दिवशी ते हसले, आणि ते हसणं मला पुष्कळ दिवस पुरलं.

२

आम्ही मूळचे पिशोरचे. मागच्या मोठ्या दुष्काळात माय गेली. टँकरच्या रांगेत हंडा ठेवून बाभळीच्या सावलीला बसली, ती उठली नाही. रांग पुढे सरकली तशी बायकांनी तिचा हंडाही पुढे सरकवला. तो भरला तेव्हा हाका मारल्या, तेव्हा कळलं. त्यानंतर चारा नाही, पाणी नाही, आणि राखायला दोघांतलं एकच माणूस उरलं, म्हणून मेंढरं विकली. आबांना मी इकडे घेऊन आलो. तेव्हा एसटीच्या पाटीवर अजून औरंगाबादच लिहिलेलं असायचं. आबांनी सोबत काय आणलं, तर काठी आणि घोंगडी.

पहिल्या दिवशी गॅलरीत उभं राहून त्यांनी बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं. एका बाजूला जेलची भिंत, तिच्यापलीकडे आटलेला तलाव, मागे जटवाड्याच्या अंगाचा डोंगर आणि त्याच्या उतारावर पाडलेले प्लॉट. मोतीबिंदूमुळे त्यांना माणसांचे चेहरे नीट दिसत नव्हते, पण डोंगर दिसला असावा.

"रामेसर, हितं बसवली व्हती म्या मेंढरं," ते म्हणाले. "ही तुही बिल्डिंग हाय ना, हितंच वाघर व्हती."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. पावसाळा सरला की आबा आणि माय कळप घेऊन खाली उतरायचे आणि शेतकऱ्यांच्या वावरात रात्रीपुरती मेंढरं बसवायचे. लेंडीखत शेतकऱ्याला, धान्य आम्हाला. मीही लहानपणी त्यांच्याबरोबर हिंडलोय. पण इथं, याच जागी? मी 'असेल' म्हणालो आणि विषय सोडला. म्हाताऱ्या माणसांना परकी जागा ओळखीची करून घ्यावी लागते, असं मला वाटलं.

ती त्यांना काही ओळखीची झाली नाही. आधी त्यांचं बोलणं कमी झालं, मग जेवण. भाकरीचा एक घास तोंडात धरून ते बसून राहायचे. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मला राग आला, कारण वय तर पिशोरलाही होतं. दिवसभर ते कॉटवर पडून असत, पण दिवेलागणीला मात्र उठत, काठी मानेमागे आडवी टाकून तिच्यावरून दोन्ही हात खाली सोडत, आणि दारात उभे राहत. कळपामागे उभं राहायची त्यांची ही रीत. समोर जिना आणि लोकांच्या चपला.

माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप थोडाथोडा कमी होत होता आणि मला काही करता येत नव्हतं. मेलेले बोर्ड जिवंत करणारा मी!

३

तो बोर्ड मला शहागंजच्या मागच्या भंगारवाल्या चाचांकडे मिळाला. "पेटी नई है मियां, खाली बोर्ड है," चाचा म्हणाले. "चला तो चला, नई तो पंखे निकाल लेना." कुठल्या कंपनीतून आला ते मी विचारलं नाही. डिस्क नव्हती, मेमरी नव्हती. डिस्क नाही म्हणजे आठवण नाही. त्यात कुणाचं काही साठलेलं असणं शक्यच नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी स्वतःला हेच सांगत राहिलो.

कोचिंग क्लास चालवणाऱ्या काकासाहेबांना सर्व्हर हवा होता, म्हणून मी तो त्याच संध्याकाळी पाटावर ठेवला. आबांना घरात करमेना म्हणून खाली गाळ्यात आणून बसवलं होतं. चहा आणायला मी वर गेलो. परत येऊन बघतो तर पाटावर आबांची घोंगडी अंथरलेली आणि तिच्यावर बोर्ड.

"आबा! हे काय केलं?"

"उघडं पडलं व्हतं ते."

"अहो, लोकरीनं करंट बसतो त्याला. न दिसता बसतो. मरून जाईल ते."

"लोकरीनं मेलंय व्हय कुणी आजवर?" आबा म्हणाले. "घराभाईर काढल्यालं हाय ते, रामेसर. कोकरू आसं उघड्यावर पडलं तर म्या ह्याच्यातच गुंडाळत व्हतो. तुही माय म्हणायची, आंदी ऊब, मंग दूध."

आमच्या धंद्यात लोकरीवर बोर्ड ठेवणं म्हणजे पेट्रोल पंपावर काडी ओढणं. असली चूक धनगराच्या घरातच व्हायची. पण कितीतरी दिवसांनी ते इतकं बोलले होते. घोंगडी ओढून काढायला माझा हात धजेना. व्हायचं ते नुकसान झालंच असेल, असं म्हणून मी तसाच प्लग लावला.

पिनांना मी अजून स्क्रूड्रायव्हर टेकवलाही नव्हता. निळा दिवा लागला.

नेटवर्कची वायर जोडलेली नव्हती. तिची जागा रिकामी होती, बोट घालून पाहिलं. हुकूम सोडणारं कुणी नव्हतं आणि हुकूम यायला रस्ताही नव्हता. मी मनात म्हटलं, झालं, लोकरीनं चिप गेली. तेवढ्यात दिवा विझला. मग लागला. मग विझला.

आबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. समोरची भिंत न दिसणारा माणूस त्या मुगाएवढ्या दिव्याकडे टक लावून बघत होता.

"एक कमी हाय," ते म्हणाले.

मला समजायला एक क्षण लागला. लहानपणी रोज पाहिलेली गोष्ट. दिवेलागणीला माय वाघरीच्या तोंडाशी कंदील घेऊन उभी राहायची आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीला हात लावायची. तिला आकडे येत नव्हते. पण कोण आलं नाही, ते तिला कळायचं. आबा तोवर मागे उतारावर थांबलेले असत. सगळी आत आली की ती कंदील स्थिर धरायची, मग आबा खाली यायचे. एखादं मागे राहिलं असेल तर ती पदरानं कंदील झाकायची, उघडायची, झाकायची, उघडायची. इतक्या लांबून ओरडून ऐकू जात नसे. मग आबा अंधारात शोधत हिंडायचे, आणि सापडलं की सगळी छाती लावून ओरडायचे, "आलो गंऽ!" तेवढं मात्र तिला कसं कोण जाणे ऐकू जायचं. लगेच कंदील स्थिर.

"आबा, मेंढरं तर विकली आपण," मी म्हणालो. "कमी कोण असणार?"

ते नुसते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

४

मी काही खुळा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच तपासायला बसलो. घोंगडी काढून नुसत्या पाटावर बोर्ड ठेवला, तर दिवा लागला नाही. घोंगडी घातली आणि दिवेलागण झाली की लागला. म्हणजे लोकरीचा करंट आणि संध्याकाळी बदलणारं व्होल्टेज. कारण सापडल्यावर माणसाला किती बरं वाटतं! मी शीळ वाजवत चहा पिऊन आलो.

मग मीटर घेतला. दिवा विझतो म्हणजे त्याचा करंट तुटतो, तेवढं एकदा बघून घ्यावं म्हणून मीटरच्या दोन सुया दिव्याच्या दोन टोकांना लावल्या. दिवा लागला. आकडा आला. दिवा विझला. आकडा तसाच.

सुया घट्ट दाबल्या. मीटर बदलला. दिवा लागत होता, विझत होता, आणि आकडा जागचा हलत नव्हता. तो दिवा विझतच नव्हता. तो सगळा वेळ चालूच होता.

मी खाली वाकून अगदी जवळून बघितलं. अंधार दिव्यात येत नव्हता. तो डावीकडून यायचा, दिव्यावरून सरकत उजवीकडे जायचा, आणि तसाच परत फिरायचा. मी बोट दिव्याजवळ नेलं. बोटाचं टोक निळं झालं. मग त्याच्यावरूनही काळोख गेला, आधी नखाच्या डाव्या कडेवरून, मग उजव्या. बोटाला काही लागलं नाही. मी हात मागे घेतला आणि पुसला, का पुसला कोण जाणे.

हे मी अक्षदाला सांगितलं नाही. सांगणार कसं? घरात आनंद होता. आबा जेवायला लागले होते. सकाळी उठून स्वतः आंघोळ करायचे, भाकरी दुधात कुस्करून मागून घ्यायचे, टँकर आला की काठी टेकत पाइपाशी जाऊन बायकांशी बोलायचे. "मामंजींना खाली बसायला बरं वाटतंय, रोज नेत जा," अक्षदा म्हणाली. मीही नेत होतो. दिवेलागणीला ते पाटासमोर बसायचे आणि दिवा झाकला-उघडला जायचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मला ते मायच्या वेळचे वाटायचे. बाप परत मिळतोय तर दिव्याच्या मागे कोण आहे ते कशाला बघा, असं मी स्वतःला म्हणायचो. आंधळ्यापुढे आरसा धरावा तशी गत, पण इथं आंधळ्याला दिसत होतं आणि मलाच बघायचं नव्हतं.

मग एका संध्याकाळी आबा म्हणाले, "लई येळ उभी हाय ती. हात दुखत आसंल तिचा."

"कुणाचा, आबा?"

"म्या गेल्याबिगर ती कंदील खाली ठिवायची नाय, रामेसर." अगदी साधं, बाजाराला जाऊन येतो म्हणावं तसं.

तेव्हा मला कळलं की ते जेवत का होते. चालायला पायांत जोर हवा म्हणून जेवत होते.

५

दुसऱ्याच दिवशी मी एक जुनी पेटी आणली, बोर्ड आत स्क्रूनं आवळला, मेमरी आणि डिस्क लावली, झाकण घातलं. पेटीत गेल्याबरोबर तो शहाण्यासारखा वागायला लागला. पंखे हळू, दिवा बंद. काकासाहेबांकडे पाठवायला मी खोक्यात भरून ठेवला आणि प्लग, वायर सगळं गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकलं. घोंगडी वर आबांच्या कॉटवर नेऊन ठेवली.

आबा रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "घातलं व्हय पेटीत. ऱ्हाऊ दे. म्या काय त्याच्यावर आवलंबून नाय."

त्या संध्याकाळी टँकर आला. आठवड्याचं पाणी भरायचं, सगळी बिल्डिंग खाली उतरलेली, पाइपावरून भांडणं, मीही दोन ड्रमांच्या मध्ये अडकलेलो. वर गेलो तर कॉट रिकामी. काठी नव्हती, घोंगडी नव्हती.

तलावाच्या कोरड्या पात्रात पाहिलं, जेलच्या रस्त्यानं पाहिलं. शेवटी डोंगराच्या उतारावर प्लॉटांची राखण करणाऱ्या पुंडलिकनं हात हलवून बोलावलं. आबा हद्दीच्या दगडाला टेकून बसले होते. घोंगडी खांद्यावर, डोळे उघडे, तोंड आमच्या बिल्डिंगकडे. मी त्यांचा गार पडलेला हात धरला आणि सोडवेना.

"सांजच्यालाच आले म्हातारबा," पुंडलिक सांगत होता. "म्या म्हणलं बसा, पाणी घ्या. नाय म्हणले. उभंच ऱ्हायले. मंग एकदम वरडले, आलो गंऽ म्हणून. या वयात एवढा आवाज! म्या म्हणलं सूनबाई बोलवत आसंल. अन् मंग टेकले ते टेकलेच."

"कुणी बोलवत नव्हतं," मी म्हणालो.

"दिवा दावत व्हतं ना कुणीतरी. तुमच्या बिल्डिंगीत, खालच्या खिडकीत. लाईट गेली व्हती का? कंदील दिसला, पिवळा. पयले झाक-उघड, झाक-उघड चाललं व्हतं. हे वरडले अन् थांबला."

लाईट गेली नव्हती. आमच्याकडे कंदील नाही. त्या उतारावरून आमची एकच खालची खिडकी दिसते, गाळ्याची. गाळ्याला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती.

६

सगळं आवरलं. पिशोरचे लोक आले, गेले. घोंगडी आबांच्या बरोबर द्यायला हवी होती, एक-दोघे तसं म्हणालेही, पण मी ती ठेवून घेतली. काकासाहेबांना सांगितलं, बोर्ड बिघडला, दुसरा बघतो. अक्षदा म्हणाली, "भंगारात देऊन टाका ना ते. मला नको वाटतं ते घराखाली." तिला मी काही सांगितलं नव्हतं तरी ती असं म्हणाली.

द्यायला हवा होता. पण मला एकदा, फक्त एकदाच, दिवा स्थिर बघायचा होता. बाकी काही नको होतं. दोघं एका जागी आहेत, जेवायला बसली आहेत, कुणी अंधारात उभं नाही, एवढं कळलं असतं तर मला झोप लागली असती. बाप उतारावर एकटा गेला, हे माझ्या पोटात दगडासारखं बसलं होतं.

म्हणून एका दिवेलागणीला मी गाळ्याचं दार लोटलं, झाकण काढलं, स्क्रू सोडवले. पाटावर घोंगडी अंथरली. तिला अजून आबांचा वास होता. त्यावर बोर्ड ठेवला आणि प्लग लावला.

निळा दिवा लागला. आणि हलला नाही.

मी बघत राहिलो. पापणी मिटत नव्हती. दिवा स्थिर होता, कुणी निवांत हातात धरावा तसा. मग मला रडू आलं. मायच्या वेळी आलं नव्हतं, आबांच्या वेळी माणसांत होतो, तेही सगळं तेव्हाच आलं. सगळी आत आली होती. मोठ्यानं रडता यावं म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पिनांना टेकवला. पंखे किंचाळायला लागले. वर आवाज जाणार नव्हता.

रडून झाल्यावर शर्टानं डोळे पुसले आणि वर पाहिलं.

दिव्यावरून काळोख गेला. डावीकडून उजवीकडे. मग परत.

७

आधी वाटलं, डोळ्यांतलं पाणी. मग वाटलं, पंखे चालू झाले म्हणून व्होल्टेज पडलं. मीटर शेजारीच होता. मी तो हातात घेतला नाही.

पाटामागची भिंत पांढरी आहे. तिच्यावर निळा उजेड पसरला होता, जेमतेम हातभर. अंधार सरकला तेव्हा तो भिंतीवरही सरकला, आणि या वेळी मला त्याची कड दिसली. सरळ नव्हती. कापडाची असते तशी होती, खाली झोल पडलेली. वरच्या टोकाला ती चिमटीत धरलेली होती. चिमूट थरथरत होती. फार वेळ हात वर धरला की थरथरतो, तशी.

तिच्यामागे आणखी एक सावली होती, उंच. तिला डोक्याला पटका होता आणि मानेमागे आडवी काठी. काठीवरून दोन्ही हात खाली सोडलेले. ती हलत नव्हती. कळप आत घेतल्यावर मागे राहिलेल्याची वाट बघत उभं राहावं, तशी ती माझ्याकडे तोंड करून उभी होती.

मायला आकडे येत नव्हते. कोण आलं नाही, एवढंच कळायचं.

झाक. उघड. झाक. उघड. प्रत्येक वेळी चिमूट थोडी खाली येत होती आणि नेटानं पुन्हा वर जात होती. प्लग माझ्या हातापासून दीड वीत होता. तो ओढला की संपलं असतं, आणि ती तशीच उभी राहिली असती, मला न दिसता, रोज दिवेलागणीला. जन्मभर ती दुसऱ्यांसाठी हात वर धरून उभी राहिली. टँकरच्या रांगेतही थांबली. कुणीच तिला म्हणालं नाही की बाई, ठेव आता खाली.

माझ्याच्यानं बघवेना.

"आलो गं माय," मी म्हणालो. "ठेव तू."

दिवा स्थिर झाला. भिंतीवर नुसता निळा उजेड राहिला, कापड नाही, काठी नाही. माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, क्षणभर काहीतरी टेकल्यासारखं झालं आणि उठलं. पोटातला दगड गेला. खूप दिवसांनी मला हलकं वाटलं, आणि भूकही लागली.

वरून अक्षदाची हाक आली. "अहो, या जेवायला! ताटं वाढलीत."

"आलो," मी म्हणालो.

"अहो!"

"आलो म्हटलं ना."

"अहो, ऐकताय का?"

पंख्यांचा आवाज होता, त्यात माझा आवाज तिला जाणार कसा? मी पंख्यांच्या वायरी ओढून काढल्या. एकेक पंखा फिरत फिरत थांबला आणि गाळा इतका शांत झाला की वर ताटाशेजारी तिनं वाटी ठेवलेली मला ऐकू आली.

"आलो!" मी सगळी छाती लावून ओरडलो.

वर ती पुन्हा हाक मारत होती.